शेंड्यातली लव

पहाटे पाचला मोजायचं, दव असताना.
उन्हं चढली की शिकारी शेंड्यात शिरतात,
आणि कोसिबाच्या शेतात उरतात नुसती पानं,
पिवळ्या ठिपक्यांची,
जणू कुणी सुईनं टोचून टोचून
हिरवेपणा काढून घेतलाय.

माझ्या हातात भिंग. वहीत दोन रकाने:
खाणारे,
आणि खाणाऱ्यांना खाणारे.
दोघेही कोळीच. पूर्णविरामाला पाय फुटले
तर एवढाच दिसेल.
पिल्लांना सहा पाय, उरलेले दोन नंतर येतात,
जरा सावरल्यावर.

कसावा मुळात बेनिनचा नव्हे.
समुद्रापलीकडून आला, गलबतातून.
कितीतरी पिढ्यांनी त्याला हुडकत हिरवा कोळी आला.
आणि त्याचा वैरी आम्ही आणला, विमानानं,
ओल्या कापसावर निजवून.
"म्हणजे तिघेही पाहुणे," कोसिबा म्हणाली,
"आणि रांधायचं मी."

तिच्याकडे दोन वाण.
एकाचा शेंडा गुळगुळीत, कंद गोडसर,
गारी पांढरीशुभ्र भाजते, आलाडाच्या बाजारात
दुपारच्या आत पाटी रिकामी.
दुसऱ्याच्या शेंड्यावर लव,
तान्ह्याच्या कानामागं असते तशी.
कंद कडू. तीन दिवस भिजत घाला,
तरी जिभेवर मागं काहीतरी राहतंच.

लवेच्या शेंड्यात: चार, सात, तीन, सहा.
गुळगुळीत शेंड्यात: शून्य, शून्य, एक, शून्य.
तो एक मेलेला होता.

प्रयोगशाळेत पाच कपाटं, पाच ऋतू.
महून्यों जनरेटर सांभाळतो आणि ऋतूही.
चोविसाच्या कपाटात शिकारी सुखात,
अंडी घालतो, खातो, पुन्हा घालतो.
तेहतिसाच्या कपाटात हिरवा कोळी
पिढ्या उरकत सुटतो
जत्रा उठायच्या आत माल खपवावा तसा,
आणि शिकाऱ्याची अंडी
मनुक्यासारखी सुरकुततात.
एका रात्री वीज गेली, डिझेलही संपलं.
सकाळी पाहिलं तर महून्यों
उघड्या कपाटापुढे बसून
पुठ्ठ्यानं वारा घालत होता.
त्या रात्रीचे आकडे बाद.
मी ते खोडले नाहीत.

जानेवारीत हरमटान आला.
ओठ फुटले, टेबलावर तांबडी धूळ,
दुपारी तापमापक बघवेना.
मी लवेच्या शेंड्यात केसाएवढी तार घातली:
आत दोन अंश कमी,
आणि ओल. अगदी थोडी,
एखाद्यानं आरशावर श्वास सोडावा एवढी.
त्या तेवढ्यात नऊ जण बसले होते,
रात्रीची वाट बघत.

साहेबांचा अहवाल तयार आहे:
सर्व क्षेत्रावर लवेचा वाण लावावा.
मी तो कोसिबाला फोन भाषेत सांगितला.
ती कंद किसत होती. थांबली नाही.
"तू कधी गारी भाजलीस?"
नाही.
"धुरात, चार तास, आणि मग गिऱ्हाईक
चिमूट तोंडात टाकून पुढं जातं,
पाहिलंस?"
नाही.
बराच वेळ नुसती किसणी.
"दर चौथी ओळ," ती म्हणाली.
"शेजारी कडू असला तरी चालतो. घरात नको."

अहवालात दर चौथ्या ओळीला जागा नाही.

आज पहाटे भिंगाखाली एक सापडला,
गुळगुळीत झाडाच्या तिसऱ्या पानावर,
लवेच्या ओळीपासून दोन ओळी दूर.
रात्रभर शिकार करत इतका लांब आलेला,
पोट हिरव्या रसानं तट्ट.
पूर्वेला उजाडत होतं.
परतायला त्याला किती वेळ लागेल
याचं गणित मला येतं.
मी केलं नाही.

कोसिबानं विचारलं, काय बघतेस.
भिंग दिलं तिच्या हातात. तिनं एक डोळा मिटला,
मग भिंग परत केलं, आणि उन्हाच्या बाजूला
आडवा पंजा धरून उभी राहिली,
त्या एका पानापुरती सावली.

थोड्या वेळानं खांदा दुखायला लागला असावा.
हात खाली घेतला,
खुरपं उचललं, गेली.